लघवीला त्रास आणि कंबरदुखी एकत्र आली तर: पंचविशी-तिशीतल्या पोरांनी सुरुवात कुठून करायची

कोकणात तरुण पोरानं लघवीला जळजळ होतेय म्हणून सांगितलं की घरातलं पहिलं उत्तर ठरलेलं, "काय नाय रे, उन्हाळी लागली असतली, सब्जा घालून पाणी पी." एप्रिल-मेमधे ते बरेचदा खरंही असतं. पण सोबत कंबर किंवा पाठ पण दुखत असेल तर मामला थोडा वेगळा, कारण या दोन तक्रारी एकत्र यायची बरीच कारणं आहेत, काही एकदम किरकोळ आणि एक-दोन अशी की सकाळपर्यंत थांबणं पण महागात पडतं. मी डॉक्टर नाही, तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅबमधे काम करतो, लघवीच्या बाटल्या रोज हाताखालून जातात, त्यामुळे लोकांचं कुठे चुकतं ते बघून बघून पाठ झालंय. सगळ्यात जास्त चुकतो तो क्रम. आधी मेडिकलमधून गोळी, गुण नाही म्हणून दुसरी गोळी, मग कोणीतरी सांगतं म्हणून सोनोग्राफी, आणि सगळं झाल्यावर लघवीची तपासणी. हा क्रम उलटा करायचा, बाकी पुढचं सगळं त्याचाच तपशील.

आधी हे बघा, यातलं काही असेल तर लेख नंतर वाचा

थंडी वाजून ताप आणि सोबत एका बाजूला बरगडीखाली दुखतंय. हे किडनीपर्यंत गेलेलं इन्फेक्शन असू शकतं, आणि त्यात मुतखडा अडकलेला असेल तर आत पू साचून काही तासांत माणूस सिरियस होतो, त्यामुळे पॅरासिटामोल घेऊन सकाळची वाट बघायची नाही.

लघवी लागलीय, ओटीपोट फुगलंय आणि थेंब पण येत नाही, हे झालं तरी लगेच हॉस्पिटल.

कंबरदुखीसोबत बसायची जागा, म्हणजे गुदद्वाराच्या आजूबाजूचा आणि मांड्यांच्या आतला भाग बधिर झालाय, पायातली ताकद गेल्यासारखी वाटतेय, लघवी झाली कधी ते कळत नाही किंवा होतच नाही. इथे मणक्यातली गादी सरकून खालच्या नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो. याला एमआरआय आणि ऑपरेशन लगेच लागतं, उशीर झाला तर लघवी-संडासवरचा ताबा कायमचा जातो. "कंबर धरली, मालिश करून घेऊ" वाली केस नाही ही.

आणि अंडकोषात अचानक जोरात कळ, सोबत मळमळ, एका बाजूचा अंडकोष वर चढल्यासारखा. पोरं याला पण पोटात दुखतंय म्हणून सांगतात, लाजेमुळे. अंडकोषाला पीळ पडला असेल तर हातात साधारण ६ तास असतात, त्यानंतर तो वाचायची शक्यता झपाट्याने कमी होते. आपल्याकडे गुहागर-राजापूरहून रत्नागिरीला किंवा दोडामार्गहून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला पोचायलाच त्यातला केवढा वेळ जातो, म्हणून १०८ ला फोन करा नाहीतर सरळ गाडी काढा, आणि निघतानाच फोन करून सर्जन आहे का विचारा.

दुखतंय नेमकं कुठे, ते बोट ठेवून बघा

"किडनीत दुखतंय" म्हणणारे दहातले बरेच जण पँटच्या पट्ट्याच्या रेषेवर हात ठेवतात. किडनी तिथे नसते. ती वर, शेवटच्या बरगडीखाली, मणक्याच्या दोन्ही बाजूला असते. पट्ट्याच्या रेषेवर दुखणं, वाकल्यावर वाढणं, कूस बदलताना चमक येणं, ही बहुतेक वेळा स्नायूंची भानगड. उसण भरली, लचक भरली असं म्हणतो ना, ते. आंब्याच्या पेट्या उचलून टेम्पोत भरणारे, चिरेखाणीवर चिरे उचलणारे, महामार्गाच्या खड्ड्यांतून रोज बाईकवर ये-जा करणारे, यांना हे होणारच. किडनीचं दुखणं हललं-डुललं तरी फारसं बदलत नाही, ती मोठी खूण.

अजून एक गैरसमज. किडनी हळूहळू निकामी होते तेव्हा ती बहुतेक दुखत नाही. पायावर-चेहऱ्यावर सूज, लघवीला भरपूर फेस, वाढलेला बीपी, अशा मार्गाने ती कळते. म्हणून कंबर दुखतेय म्हणजे किडनी गेली अशी भीती पण नको, आणि दुखत नाही म्हणजे किडनी ठणठणीत असंही नाही.

मग दोन-तीन दिवस मोबाईलमधे साधी नोंद ठेवा. (वरच्या धोक्याच्या खुणा नसतील तरच हां.) लघवीला किती वेळा गेलो, रात्री उठलो का, रंग काय, जळजळ सुरुवातीला होते की शेवटी, धार बारीक झालीय का, दुखणं बसल्यावर वाढतं की झोपल्यावर, सकाळी किती वेळ कंबर आखडलेली असते. डॉक्टरकडे दोन मिनिटं मिळतात, त्यात "कधी कधी दुखतं" या वाक्याचा काही उपयोग होत नाही.

रंगाबद्दल एक सांगतो. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की लघवी भडक पिवळी होते, टीबीच्या गोळ्यांनी नारिंगी होते, बीट खाल्लं की लालसर. यात घाबरायचं नाही. पण काही न खाता लाल किंवा चहाच्या पाण्यासारखी आली, एकदाच आली आणि दुखलं पण नाही, तरी तपासायची.

लघवी तपासायला द्यायची पण पद्धत असते

लोक खोकल्याच्या औषधाची बाटली धुवून आणतात, एकाने आईस्क्रीमचा डबा आणलेला. असं करू नका. लॅबमधून निर्जंतुक डबी घ्या, हात आणि पुढचा भाग पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या आणि मधली धार डबीत घ्या, झाकणाला आतून बोट लावू नका. दोन तासांच्या आत लॅबमधे पोचली पाहिजे, आपल्या हवेत डिकीत ठेवलेली लघवी दुपारपर्यंत जंतूंची शेती होऊन बसते आणि रिपोर्ट भलताच येतो. उशीर होणार असेल तर फ्रिजमधे ठेवा. हो, घरचे ओरडतील, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवा.

दोन तपासण्या मागा, साधी रुटीन आणि कल्चर. कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघायचे आणि कुठलं औषध त्यावर चालतं ते ठरवायचं, साधारण ४८ तास लागतात. पन्नाशीच्या आतल्या पुरुषाला साधं लघवीचं इन्फेक्शन बायकांच्या मानानं खूप कमी होतं, म्हणून झालंच तर ते का झालं हे शोधावं लागतं, आणि त्याची सुरुवात कल्चरपासून होते. सगळ्यात महत्त्वाचं, अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी नमुना द्या. एक-दोन गोळ्या पोटात गेल्यावर जंतू डबीत वाढत नाहीत, रिपोर्ट कोरा येतो, आणि त्रास मात्र तसाच.

रिपोर्टमधे पस सेल्स (पू पेशी) ५ पर्यंत असतील तर साधारण नॉर्मल धरतात. जास्त आहेत पण कल्चरमधे काहीच वाढलं नाही, अशी केस आली की आम्ही पण डॉक्टरला आवर्जून फोन करतो. त्यामागे अर्धवट घेतलेलं अँटिबायोटिक असतं, नाहीतर मुतखडा, क्लॅमिडिया (संबंधातून होणारं इन्फेक्शन) किंवा मूत्रमार्गाचा टीबी. आणि नुसते "कॅल्शियम ऑक्झलेट क्रिस्टल" लिहून आले म्हणून मुतखडा झाला असं नसतं, ते चांगल्या माणसाच्या लघवीत पण दिसतात.

मुतखडा, आपल्याकडचा जुना सोबती

कळ कशी येते ते ज्याला आलीय त्याला विचारा. पाठीत बरगडीखाली सुरू होते, पोटाच्या बाजूने खाली जांघेत आणि अंडकोषापर्यंत उतरते, लाटेसारखी येते-जाते, उलटी होते, आणि माणूस एका जागी बसूच शकत नाही, बसला की उठतो, उठला की लोळतो. पाठीची लचक भरलेला उलट हलायला घाबरतो. खडा मूत्राशयाच्या तोंडाशी आला की मग सारखी लघवीला लागते आणि जळजळ सुरू होते, आणि इथेच लोक "इन्फेक्शन" म्हणून गोळ्या चालू करतात.

कोकणात मुतखड्याला वाव भरपूर. घामाने अंगातलं पाणी जातं, दमट हवेत ते लक्षातही येत नाही. ट्रॉलरवर जाणारे खलाशी गोडं पाणी पुरवून पुरवून पितात, बागेत घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन दिवसभर उभे असणारे दुपारपर्यंत चहावर काढतात. वर जेवणात मीठ. सुका बांगडा, सुकट, खारवलेली मासळी, लोणचं, पापड. मीठ जास्त गेलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, आणि बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. मी खारा बांगडा सोडा असं सांगणार नाही, माझं कोण ऐकून घेईल, पण ज्याला एकदा खडा होऊन गेलाय त्यानं तो रोज खाऊ नये एवढं तरी.

दूध-दही बंद करतात ते मात्र चूक. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, त्यामुळे ते बंद केलं तर उलट ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. पालक, बीट, शेंगदाणे, काजू यांचा अतिरेक टाळा.

पाणी किती? "भरपूर प्या" याला अर्थ नाही, मोजा. पाणी किती प्यायलो ते मोजायचं नाही, लघवी किती झाली ते मोजायचं. सुट्टीच्या दिवशी एक लिटरची जुनी बाटली बाथरूममधे ठेवा, चोवीस तासांत अडीच लिटरच्या आसपास भरली पाहिजे. दीड भरली तर तुम्ही कितीही तांबे रिचवले असलेत तरी घामात गेले. लिंबूपाणी चांगलं, त्यातलं सायट्रेट खडा धरू देत नाही, फक्त मीठ-साखर घालून त्याचं सरबत करू नका. शहाळं पण चालतं.

कुळथाचं पाणी आणि पानफुटीची पानं हा घराघरातला उपाय. कुळीथ प्या, पिठी खा, तेवढंच पाणी पोटात जातं, पण ९ एमएमचा कॅल्शियमचा खडा त्यानं विरघळेल म्हणून तीन-तीन महिने थांबू नका. विरघळतात ते युरिक ॲसिडचे खडे, तेही डॉक्टरनं दिलेल्या सायट्रेटच्या औषधानं. बिअरनं खडा पडतो हे तर निव्वळ बसायचं निमित्त.

५ एमएमच्या आतला खडा बहुतेक वेळा आपणहून पडतो, ५ ते १० च्या मधला निम्म्या-शिम्म्या लोकांत, १० च्या वरचा क्वचितच. आधी सोनोग्राफी होते, पण मधल्या मूत्रनलिकेतला खडा सोनोग्राफीला चुकू शकतो, आणि युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही. म्हणून कळ तशीच आणि रिपोर्ट नॉर्मल असेल तर डॉक्टर सीटी सांगतात, ते पैसे काढायला सांगत नाहीयेत. ऑपरेशन सांगितलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते आधी विचारा, सगळ्या हॉस्पिटलात नसते पण विचारायला काय जातं.

मुतखडा नाही, मग?

संबंध आल्यानंतर काही दिवसांत जळजळ, पुढून पांढरा-पिवळा स्राव, चड्डीला डाग. हे गनोरिया किंवा क्लॅमिडिया, आपल्याकडे सरसकट "गरमी" म्हणतात. क्लॅमिडियात तर कित्येकदा काहीच लक्षण नसतं. याच्यासाठी लघवीची पहिली धार लागते, मधली नाही, आणि त्याआधी तासभर तरी लघवी केलेली नको, हे लॅबला आधी सांगा. सिव्हिलमधे, म्हणजे रत्नागिरी, ओरोस, अलिबाग इथल्या जिल्हा रुग्णालयात, "सुरक्षा क्लिनिक" असतं, तिथे तपासणी आणि गोळ्या फुकट मिळतात. फोनवर विचारायचं असेल तर १०९७, हा पण फुकट. जोडीदाराला पण औषध हवं, नाहीतर पुन्हा तेच. एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्ट त्याच वेळी करून टाका. गावातला कंपाउंडर ओळखीचा असतो म्हणून पोरं सिव्हिलला जायला घाबरतात, मग दुसऱ्या जिल्ह्यात जा, पण जा.

आता सगळ्यात चकवणारा प्रकार. रिपोर्ट सगळे नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, आणि तरी महिनोन् महिने कंबरेत खाली, ओटीपोटात, अंडकोष आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेत दुखतंय, बसल्यावर वाढतं, वीर्य बाहेर पडल्यावर दुखतं, लघवी झाली तरी राहिल्यासारखी वाटते. तीन महिन्यांच्या वर असं चाललं असेल तर डॉक्टर क्रॉनिक प्रोस्टेटायटिस किंवा पेल्विक पेन सिंड्रोम म्हणतात. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाखालची पुरुषांतली ग्रंथी, तिचं दुखणं म्हणजे म्हाताऱ्यांचा आजार हे डोक्यातून काढा, पन्नाशीच्या आतल्या पुरुषांत युरॉलॉजिस्टकडे (लघवीच्या मार्गाचा तज्ज्ञ डॉक्टर) सगळ्यात जास्त दिसणाऱ्या तक्रारींत ही येते. (जंतूंमुळे अचानक होणारा प्रोस्टेटायटिस वेगळा, त्यात ताप असतो आणि ॲडमिट करावं लागू शकतं.) या जुनाट प्रकारात बहुतेकांना जंतू सापडतच नाहीत, तरी पोरं अँटिबायोटिकचे चार-चार कोर्स करून येतात. कटीच्या तळाचे स्नायू मूठ आवळून ठेवल्यासारखे कायम ताठ राहतात, हे त्यातलं मोठं कारण. दिवसभर रिक्षा चालवणारे, कॉम्प्युटरसमोर बसणारे, आणि डोक्याला टेन्शन असलेले यात जास्त भेटतात.

काय करायचं? टबात कोमट पाणी घेऊन १०-१५ मिनिटं बसा, रोज. तासाला एकदा उठा. बाईक लांबची असेल तर मधे थांबा. पोटातून सावकाश श्वास घ्यायचा आणि श्वास आत घेताना खालचा भाग सैल सोडायचा, जोर लावायचा नाही. युट्युबवर बघून केगल (खालचे स्नायू आवळायचा व्यायाम) चालू करतात, ते इथे उलटं पडू शकतं, आधीच आवळलेलं अजून कशाला आवळायचं. युरॉलॉजिस्ट धार मोकळी करणारी गोळी देतात, फिजिओथेरपिस्टची मदत होते. आठ दिवसांत बरं होणारं नाही हे, पण बरेच जण चांगले सुधारतात.

पाठीचं दुखणं पहाटे उठवतं, सकाळी अर्धा तासाच्या वर कंबर आखडलेली, चाललं-फिरलं की बरं आणि आराम केला की वाईट, आणि वय चाळिशीच्या आत? हे लचकेच्या बरोबर उलटं आहे. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचे सांधे सुजणारा आजार, असू शकतो, यात ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (सांध्यांचा डॉक्टर) लागतो, नुसता बेल्ट आणि शेक देऊन वर्षं जातात. डोळा लाल होऊन दुखून गेलेला असेल तर तेही सांगा. याचाच भाऊबंद म्हणजे मूत्रमार्गाच्या इन्फेक्शननंतर किंवा जुलाबानंतर काही आठवड्यांनी गुडघा-घोटा सुजणं, कंबर धरणं, डोळे लाल. जळजळ आणि कंबरदुखी यांचं एकच मूळ असलेली ही केस, पण पेशंट तीन वेगळ्या डॉक्टरांना तीन तुकडे सांगतो.

टीबी विसरू नका. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरतंय, मणक्यात एकाच जागी आठवडेच्या आठवडे दुखतंय, किंवा लघवीत पस सेल्स आणि कल्चर कोरं. मूत्रमार्गाच्या टीबीसाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे सलग तीन दिवस नमुने घेतात. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे.

पावसाळ्यात लावणीच्या दिवसांत शेतात उतरलेल्याला ताप आला, पाठ आणि पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे लाल आणि लघवी कमी झाली, तर ती उन्हाळी नाही आणि मुतखडा पण नाही, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) असू शकतो. सिंधुदुर्गवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, आणि चिखलात काम केलं होतं हे आठवणीनं सांगा.

पोलीस भरतीच्या पोरांसाठी एक खास. महिनोन् महिने काही न करता एकदम उन्हात १६०० मीटरच्या फेऱ्यावर फेऱ्या आणि उठाबशा मारल्या, दुसऱ्या दिवशी अंग ठणकतंय आणि लघवी कोकाकोलासारखी, तर स्नायू फुटून त्यातला रंग किडनीत उतरतोय. लॅबमधे पट्टीवर रक्त दाखवतं आणि मायक्रोस्कोपखाली लाल पेशी दिसत नाहीत, तेव्हा आम्हाला कळतं. हे घरी ताक पिऊन बरं होणारं नाही, सलाईन लागतं. आणि अशा वेळी अंगदुखीसाठी डायक्लो किंवा आयबुप्रोफेन घेतली तर कोरड्या पडलेल्या किडनीवर अजून घाव.

जळजळ अजिबात नाही, फक्त सारखी भरपूर लघवी, तहान आणि वजन कमी? उपाशीपोटी साखर बघा, १२६ किंवा वर आली तर पुढच्या तपासण्या.

आणि एसटी स्टँडच्या भिंतींवर रंगवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिराती. स्वप्नदोष झाला, संडासला जोर लावताना चिकट पाणी आलं, म्हणून धातू जातोय आणि म्हणून कंबर दुखतेय, हे त्या भिंतीनं शिकवलेलं आहे. त्यात आजार काही नाही. तिथे हजारो रुपये आणि काय काय भस्मं पोटात घालू नका.

डॉक्टरकडे जाताना

सुरुवात जवळच्या एमबीबीएसपासून केली तरी चालते, युरॉलॉजिस्ट बऱ्याच तालुक्यांत ठराविक वारालाच येतात, त्याआधी लघवी, कल्चर, क्रिएटिनिन (किडनीचं काम बघायची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी हातात असेल तर फेरी वाया जात नाही. सोनोग्राफीला मूत्राशय भरून जा आणि लघवी करून आल्यावर किती उरते ते पण बघायला सांगा, धार बारीक असेल तर खास. लहानपणी सायकलच्या दांडीवर आपटलेलं, कधी नळी घातलेली, गनोरिया होऊन गेलेला, हे सांगा, मूत्रमार्ग आतून आक्रसलेला असू शकतो. काय काय घेतलं ते पण सगळं सांगा, काढे, जिमची पावडर, क्रिएटिन. क्रिएटिननं रक्तातलं क्रिएटिनिन थोडं वर दिसतं आणि उगाच धावपळ होते.

मुतखडा पडायची वाट बघत असाल तर लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून करा, गाळणी नंतर स्वयंपाकघरात परत नेऊ नका, आणि खडा सापडला तर कोरड्या डबीत घालून लॅबला द्या, कसला आहे ते कळलं तर पुढचं पथ्य नेमकं ठरतं. सापडला नाही आणि कळ मात्र थांबली, तरी सांगितलेल्या तारखेला सोनोग्राफी परत करा, कारण खडा तिथेच अडकून दुखायचा थांबलेला असू शकतो आणि वरची किडनी आतल्या आत फुगत राहते.